प्रेमळ नवऱ्यांवर लक्ष ठेवा: अभिजात कथांमधल्या कोंडलेल्या स्त्रियांवर निबंध कसा लिहायचा

"अभिजात कथांतील स्त्री आणि पुरुषप्रधान समाज" हा विषय मिळाला की बहुतेक निबंध एकाच वाक्याने सुरू होतात: त्या काळी समाज पुरुषप्रधान होता आणि स्त्रियांना स्वातंत्र्य नव्हतं. वाक्य खोटं नाही. पण ते कथा न वाचताही लिहिता येतं, आणि तपासणाऱ्याला हे पहिल्याच ओळीत कळतं.

हा लेख अशा विषयावर पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः १८९२ ते १९३७ या काळातल्या अमेरिकन कथांची घेतली आहेत, कारण अभ्यासक्रमात त्याच वारंवार येतात. जोडीला रवींद्रनाथांची एक कथा आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: यांतल्या बऱ्याच कथांमध्ये दुष्ट नवरा नाहीच. बाईला कोंडलं जातं ते काळजीने, सल्ल्याने, थट्टेने, डॉक्टरच्या चिठ्ठीने. केट शोपॅनने तर 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' या कथेत हे उघडच लिहून ठेवलं आहे, की हेतू प्रेमळ असो वा क्रूर, दुसऱ्यावर आपली इच्छा लादणं हा गुन्हाच. खलनायक शोधत बसलात तर निबंध फसतो.

हाताशी काय हवं

- कथेची पूर्ण संहिता, शक्यतो टिपा असलेल्या छापील आवृत्तीतली. सारांश देणारी संकेतस्थळं संहितेची जागा घेऊ शकत नाहीत.
- कथा पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या साली छापली गेली, याची एका ओळीची नोंद.
- वही आणि दोन रंगांची पेनं.
- त्या काळच्या विवाहविषयक कायद्यांवरचं किंवा वैद्यकावरचं एखादं विश्वसनीय प्रकरण. एक पुरे.
- अवतरणं आणि संदर्भ कसे द्यायचे याचे तुमच्या विभागाचे नियम. हे शेवटच्या रात्री शोधू नका.

१. दोनच कथा निवडा

दोन हजार शब्दांत दोन कथा नीट मावतात. तीन घेतल्या की प्रत्येकीचा सारांश सांगण्यातच जागा संपते. निवडताना साम्याबरोबर एक ठळक फरकही हवा. काही जोड्या चांगल्या जमतात:

- शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) आणि शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' (१८९४). दोन्हीकडे आजारपण, डॉक्टर आणि खोली. पण एकीत निवेदन बाईचं स्वतःचं, दुसरीत तिऱ्हाईताचं.
- सुझन ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' (१९१७) आणि जॉन स्टाइनबेकची 'द क्रिसॅन्थमम्स' (१९३७). दोन्ही शेतावरच्या, पण पहिलीत बायकांना बायका भेटतात, दुसरीत नायिका एलिसा एकटीच.
- 'द यलो वॉलपेपर' आणि रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' (१९१४). दोन्ही बाईने स्वतः लिहिलेल्या मजकुराच्या रूपात, पण शेवट एकमेकांच्या अगदी उलट.

झोरा नील हर्स्टनची 'स्वेट' (१९२६) जरूर वाचा. फ्लोरिडातली डिलिया गोऱ्यांचे कपडे धुऊन घर उभं करते, आणि नवरा तेच घर दुसऱ्या बाईसाठी मागतो. इथे जुलूम उघड आहे, चाबूक आणि साप यांच्यासकट. 'घरात बसवून ठेवलेली बाई' हे चित्र तिला लागूच पडत नाही, कारण कमावणारी तीच आहे. म्हणून सगळ्या नायिकांना एकाच माळेचे मणी समजायचं नाही.

२. संहिता तपासून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. शोपॅनच्या कथेतलं एक मोक्याचं वाक्य दोन पाठांत फिरतं. एका पाठाप्रमाणे येत्या वर्षांत लुईझने (ही कथेची नायिका, नवरा गेल्याची बातमी नुकतीच ऐकलेली) जिच्यासाठी जगावं अशी कुणी व्यक्तीच उरणार नाही. दुसऱ्या पाठाप्रमाणे तिच्या वतीने तिचं आयुष्य जगणारं कुणी उरणार नाही. पहिल्यात ती दुसऱ्यासाठी झिजण्यातून सुटते, दुसऱ्यात तिचं आयुष्य तिच्या ताब्यात येतं. परिच्छेद या वाक्यावर उभा करणार असाल तर आवृत्ती कोणती, हे तळटिपेत सांगा. ही कथा 'व्होग' मासिकात ६ डिसेंबर १८९४ रोजी 'द ड्रीम ऑफ ॲन अवर' या नावाने आली होती, हेही लक्षात ठेवा. नाहीतर जुन्या संदर्भात ते शीर्षक दिसलं की ही वेगळीच कथा आहे असं वाटतं.

गिलमन आणि शोपॅन यांच्या या कथा कॉपीराइटमुक्त आहेत आणि सहज मिळतात. स्टाइनबेकच्या कथेसाठी ग्रंथालयातून 'द लाँग व्हॅली' (१९३८) हा संग्रह घ्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या तिच्या प्रतींमध्ये परिच्छेद गाळलेले असू शकतात.

३. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिलं वाचन सलग, पेनाशिवाय. दुसऱ्या वाचनाला वहीत तीन रकाने आखा:

1. निर्णय कोण घेतं? (कुठे राहायचं, काय खायचं, कुणाला भेटायचं, पैसे कशावर खर्चायचे.)
2. कशाच्या आधारावर? (वैद्यक, कायदा, पैसा, अब्रू, प्रेम.)
3. त्यावर ती काय करते? (बोलते, गप्प बसते, लपवते, हसते, मोडते.)

'द यलो वॉलपेपर'चा पहिला भाग असा भरला की चित्र लगेच उभं राहतं. निवेदिकेला खालची, गुलाबांच्या वेलींची खोली हवी असते. नवरा जॉन वरची ठरवतो. आधार: तो डॉक्टर आहे, आणि तिचा भाऊही डॉक्टरच. ती काय करते? त्याच्या नकळत लिहिते. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. तो रिकामा राहिला की निबंधातली बाई निव्वळ बळी होते. कथेतली तशी नसते.

क्रियापदांवर दुसऱ्या रंगाने खुणा करा. जॉन हसतो, समजावतो, उचलून नेतो, औषधांचं वेळापत्रक ठरवतो. यांत मारणं किंवा ओरडणं नाही. हीच यादी तुमच्या निबंधाचा कच्चा माल आहे.

४. निवेदक कोण, हे आधी ठरवा

निम्मे गुण इथे असतात, त्यामुळे इथे घाई नको. बाई कोंडलेली आहे हे आपल्याला कोण सांगतं, कुणापासून लपवून सांगतं, आणि काय सांगत नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक कथेला विचारा.

*'द यलो वॉलपेपर'.* प्रथमपुरुषी, रोजनिशीसारखं निवेदन. लिहायला मनाई असल्यामुळे जॉन येताना दिसला की लिखाण थांबतं. म्हणजे मजकुरातले खंड हे कथेतलेच प्रसंग आहेत. निवेदिका अविश्वसनीय आहे हे सगळेच लिहितात. पण नेमकी कुठे? खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, जमिनीला खिळवलेला पलंग, हे ती अचूक टिपते. चुकतो तो तिने लावलेला अर्थ, कारण तिला ती मुलांची खोली वाटते. डोळे शाबूत, निष्कर्ष उसना, हा फरक दाखवलात तर निबंध गर्दीतून वेगळा उठून दिसेल. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा: शेवटचा प्रसंग तिने कधी लिहिला असेल?

सापळा: शेवटाकडे 'जेन' हे नाव एकदाच येतं. ते तिचं स्वतःचं असू शकतं, किंवा नणंद जेनीचं नाव चुकून तसं छापलं गेलं असेल. पहिल्या परिच्छेदापासून तिला जेन म्हणू नका. 'निवेदिका' म्हणा.

*'द स्टोरी ऑफ ॲन अवर'.* जेमतेम हजार शब्दांची. सुरुवातीला ती 'मिसेस मॅलर्ड' आहे. 'लुईझ' हे नाव पहिल्यांदा उच्चारलं जातं ते नवरा गेल्याची बातमी आल्यावर, बंद दाराबाहेरून बहिणीच्या तोंडून. निवेदक तिच्या मनात शिरतो, पण शेवटच्या वाक्यात तिला सोडून डॉक्टरांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. नवरा जिवंत परतलेला दिसताच ती मरते, आणि मृत्यूचं कारण आनंद असं ते सांगतात. वाचकाला माहीत असलेलं तिथे कुणालाच माहीत नसतं. उपरोध कुठे आहे असं विचारलं तर तो या जागाबदलात आहे.

*'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स'.* मिनी राइट कथेत एकदाही समोर येत नाही. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली ती तुरुंगात आहे. तिच्याबद्दल सगळं कळतं ते शेजारीण मार्था हेलच्या नजरेतून: अर्धवट पुसलेलं टेबल, अर्धवट राहिलेलं साखरेचं काम, गोधडीच्या एका तुकड्यात अचानक बिघडलेली शिवण. पुरुष वरच्या मजल्यावर पुरावा शोधतात, तो खाली स्वयंपाकघरात पडलेला असतो. बहुतेक जण मिनीच्या मेलेल्या कॅनरी पक्ष्यावर पानभर लिहितात. त्याआधी मार्था ती वाकडी शिवण उसवून नीट शिवू लागते. पुरावा नष्ट करण्याची पहिली कृती ती आहे, आणि पक्षी सापडण्याच्या आधी घडते. ही जागा सोडू नका.

*'द क्रिसॅन्थमम्स'.* इथे निवेदक ताकास तूर लागू देत नाही. एलिसाच्या मनात तो फारसा शिरत नाही. हातमोजे, टोपी, मातीत चालणारी बोटं एवढंच दाखवतो. म्हणून "एलिसाला वाटतं की..." अशी वाक्यं जपून लिहा. प्रत्येक वेळी कोणत्या हालचालीवरून तसं म्हणता ते सांगा. नवरा हेन्री वाईट नाही. तो तिच्या हातगुणाची तारीफ करतो आणि लगेच सुचवतो, की तो फळबागेत वापरला तर बरं. कौतुक आणि हिशेब एकाच दमात. भांडी दुरुस्त करणारा फिरस्ता तिच्या फुलांत रस दाखवून काम मिळवतो, पन्नास सेंट घेतो, आणि पुढे रस्त्यावर रोपं फेकून कुंडी तेवढी ठेवतो.

*'स्त्रीर पत्र'.* पंधरा वर्षांच्या संसारात मृणालने नवऱ्याला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, पुरीहून. सुरुवातीचा मायना रीतीप्रमाणे चरणांना वंदन करणारा. शेवटची सही मात्र त्याच चरणांचा आश्रय तुटल्याचं सांगणारी. या दोन टोकांमध्ये कथा घडते. ती चोरून कविता करायची, हे गिलमनच्या निवेदिकेशेजारी ठेवून पाहा. फक्त एक पथ्य: अनुवादातून वाचत असाल तर शब्दकळेवर मोठी विधानं करू नका. रचना आणि घटना यांच्यापुरतं बोला.

५. खिडक्या, पिंजरे, फुलं: सुतावरून स्वर्ग नको

वस्तूचं प्रतीक करण्याआधी तिचं साधं काम लिहा. एलिसाच्या बागेभोवतीची तारेची जाळी गुरं, कुत्री, कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून आहे. ती जाळी एलिसाला राखते की अडवते, हा प्रश्न त्यानंतरचा. लुईझची खिडकी उघडी आहे आणि समोर आरामखुर्ची आहे. गिलमनच्या खोलीतल्या खिडक्यांना गज आहेत. म्हणून "खिडकी म्हणजे स्वातंत्र्य" हे सूत्र दोन्हीकडे चालत नाही. एका निबंधात दोन वस्तू पुरेत. त्या कथेत किमान दोनदा आलेल्या असाव्यात आणि दुसऱ्यांदा येताना काहीतरी बदललेलं असावं.

६. इतिहास चिमूटभर, पण अचूक

या भागातल्या चुका सर्वांत महाग पडतात:

- *"तेव्हा बायकांना मालमत्तेचा हक्क नव्हता."* १८९४ च्या कथेबद्दल असं सरसकट लिहू नका. लग्नानंतर स्त्रीचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जातं, हे इंग्लिश कायद्यातलं 'कव्हर्चर'चं तत्त्व. पण न्यूयॉर्कने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८४८ मध्येच केला होता आणि इतर राज्यांतही बदल होत गेले. शिवाय शोपॅन काही वर्षं लुइझियानात राहिली आणि तिथली कायद्याची परंपराच वेगळी होती. वर, 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' कुठे घडते हे कथेत सांगितलेलंच नाही.
- *"जॉन तिला डॉ. मिचेलचा उपचार देतो."* सायलस वेअर मिचेलच्या 'रेस्ट क्युअर'मध्ये सक्तीची विश्रांती, एकांत, भरपूर खाऊ घालणं आणि मालिश असे. कथेत जॉन तिला, सुधारणा झाली नाही तर मिचेलकडे पाठवण्याची धमकी देतो. म्हणजे मिचेल ही पुढची पायरी आहे. जॉनचा उपचार त्याच जातीचा आहे, एवढंच म्हणता येईल.
- *"ही गिलमनची आत्मकथा."* गिलमनने मिचेलचा उपचार १८८७ मध्ये घेतला होता, आणि कथा का लिहिली ते १९१३ मध्ये सांगितलंही. पण त्यात भर घातल्याचं तिनेच कबूल केलं आहे. तिचा नवरा चित्रकार होता, डॉक्टर नव्हे.
- *"ग्लास्पेलने खरी घटना लिहिली."* वार्ताहर असताना तिने आयोवातल्या हॉसॅक खून खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या, हे खरं. तिथे खून कुऱ्हाडीने झाला, कथेत दोरीने गळा आवळून. लेखिकेने काय बदललं यावर लिहा. शीर्षकाचा डंख कळण्यासाठी एवढं सांगा, की तेव्हा अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत स्त्रियांना ज्युरीत बसता येत नसे. राष्ट्रीय पातळीवर मताधिकार १९२० मध्ये आला. म्हणजे मिनीला तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी मिळणार ती फक्त त्या स्वयंपाकघरात.

इतिहासासाठी एकूण दीडशे शब्द खूप झाले, तेही जिथे कथेतला तपशील उलगडतो तिथेच.

७. मुद्द्याचं वाक्य घडवा

कच्चं वाक्य: "दोन्ही कथांत स्त्रियांवर अन्याय होतो."

पक्कं वाक्य: "दोन्ही कथांत बाईच्या प्रकृतीचं निदान तिच्याऐवजी डॉक्टर करतात आणि ते चुकतं, पण गिलमनच्या कथेत निदान करणाराच बेशुद्ध पडतो, तर शोपॅनच्या कथेत चुकीचं निदानच शेवटचा शब्द ठरतं."

दुसऱ्या वाक्याशी कुणी वाद घालू शकतो, आणि ते कथा वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. तुमच्या वाक्याला याच दोन कसोट्या लावा. "पुरुषप्रधान" हा शब्द मुद्द्याच्या वाक्यात येऊच देऊ नका. तो काढला की त्या जागी नेमकं काय लिहायचं ते सुचायला लागतं. आणि पुरुष विरुद्ध स्त्री अशी सरळ फाळणी करण्याआधी इच्छा लादण्याला गुन्हा म्हणणारं शोपॅनचं वाक्य पुन्हा वाचा. इच्छा लादणाऱ्यांत तिने पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही धरलं आहे. गिलमनच्या कथेत घर चालवणारी आणि निवेदिकेवर लक्ष ठेवणारी जेनीच आहे.

८. मांडणी

दोन हजार शब्दांसाठी साधारण वाटणी: सुरुवात २००, तीन मुद्दे प्रत्येकी ५००, उरलेले ३०० शेवटच्या अन्वयार्थाला. आधी एक कथा पूर्ण, मग दुसरी, अशी मांडणी सोपी वाटते, पण तुलना शेवटच्या परिच्छेदापर्यंत लांबते. त्यापेक्षा मुद्द्यागणिक दोन्ही कथा घ्या: निर्णय कुणाचा, निवेदन कुणाचं, शेवट कुणाच्या हातात.

कथानकाचा सारांश दोन वाक्यांपेक्षा जास्त नको. वाचणाऱ्याला कथा माहीत आहे असं धरा.

९. शेवटाला "विजय" किंवा "पराभव" म्हणण्याआधी

गिलमनची निवेदिका बेशुद्ध नवऱ्याच्या अंगावरून रांगत जाते. तो तिला अडवू शकत नाही, पण ती जमिनीवरून उठलेलीही नाही. लुईझ मरते. एलिसा म्हातारीसारखी क्षीण रडते आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून कोटाची कॉलर वर करते. डिलिया विषाने मरणाऱ्या नवऱ्याजवळ जात नाही. मृणाल मरत नाही, आणि आपण मरणार नाही हे पत्रात स्पष्ट लिहिते. यांतल्या कशावरही "मुक्ती मिळाली" असा शिक्का मारलात की पुढे लिहायला काही उरत नाही. त्याऐवजी सांगा, तिला काय मिळालं, कशाच्या बदल्यात, आणि भोवतालच्या माणसांपैकी कुणाला ते कळलं.

१०. देण्याआधी तासभर

- प्रत्येक परिच्छेदात संहितेतला एक तरी नेमका तपशील आहे ना? नसेल तर तो परिच्छेद उडवा.
- "अन्याय", "शोषण", "बंधन" हे शब्द शोधून मोजा. प्रत्येक ठिकाणी कुणी, काय, कशाने, हे लिहिता येतं का पाहा.
- अवतरणं मूळ पानाशी ताडून घ्या. आठवणीतून लिहिलेल्या अवतरणात एखादा शब्द हमखास बदलतो.
- लेखिकेचं मत, निवेदकाचं मत आणि पात्राचं मत, तिन्ही वेगळी ठेवलीत का?
- नावं सर्वत्र एकाच पद्धतीने लिहा. नायिकेला पहिल्या नावाने आणि तिच्या नवऱ्याला "मिस्टर" लावून आडनावाने संबोधत असाल, तर या विषयावरच्या निबंधात ते सर्वांत आधी दुरुस्त करा.